पहिली हरणाची शिकार (विस्कॉन्सिन) : १२ वर्षांच्या मुलीला न्यायचं तर काय काय बघावं?

मेंडोटाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही मॅडिसनला राहतो. माझी धाकटी जाऊ इथलीच. तिच्या माहेरी, उत्तर विस्कॉन्सिनात, नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामाला सगळं घर जमतं : आजोबा, मामा, आत्या, पोरंटोरं. यंदा त्यांनी आमच्या मुलीलाही बोलावलंय. ती १२ वर्षांची आहे आणि तिला मनापासून जायचंय. आम्ही नवराबायको एच-१बीवर, मुलगी एच-४वर. जावेचे वडील अनुभवी आहेत, पण त्यांच्या घरच्या मुलांना जे पाळण्यातून कळतं ते आम्हाला काहीच ठाऊक नाही. कायदा काय, बंदूक कुठली, थंडीचं काय, हरीण पडल्यावर पुढे काय, आणि मांस आपल्या पद्धतीने शिजवता येतं का, हे सगळं विचारायचंय. शिकार करावी का यावर आमच्या घरी भरपूर बोलणं झालंय. तरी कुणाला खरीच शंका असेल तर जरूर लिहा.

नियमपोथी
ताई, आधी व्हिसा. बाकी सगळं त्याच्यामागून. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. या बंदीतून सुटका देणारा एक मोठा अपवाद म्हणजे राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. लोक चुकतात ते इथे : 'बाळगणं' म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. नेमबाजीच्या रेंजवर दुसऱ्याची रायफल हातात घेतली तरी ते बाळगणंच. म्हणून क्रम असा ठेवा : आधी परवाना, मग रेंज. 'सराव करून बघू, जमलं तर परवाना काढू' हा उलटा क्रम तुमच्या बाबतीत गुन्हा ठरू शकतो. तुम्ही स्वतः रायफल हाताळणार असाल तर तुम्हालाही परवाना लागेल. विस्कॉन्सिनचा परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचा असतो, मागच्या वर्षीचा चालत नाही. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल करून उत्तर लेखी मागून ठेवा.

आता राज्याचे नियम. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचा कोर्स लागतो. १८ च्या आतल्यांना नुसता ऑनलाइन कोर्स पुरत नाही, प्रशिक्षकासमोर प्रत्यक्ष दिवस भरावा लागतो. हे वर्ग उन्हाळ्यात आणि सप्टेंबरात असतात आणि हंगाम जवळ आला की भरून जातात. कोर्स झालेल्या १२-१३ वर्षांच्या मुलांना पालकाबरोबर किंवा पालकाने नेमलेल्या प्रौढाबरोबर शिकार करता येते.

कोर्स झाला नसेल तर 'मेंटर्ड' (अनुभवी माणसाच्या, म्हणजे मेंटरच्या, देखरेखीखालच्या) शिकारीची सोय २००९ पासून आहे, आणि २०१७ मध्ये तिची किमान वयाची अटही काढली. त्यात मेंटर १८ वर्षांवरचा, स्वतःचा चालू परवाना असलेला आणि कोर्स केलेला लागतो (१९७३ आधी जन्मलेल्यांना कोर्स माफ). आणि त्याने मुलाच्या हाताच्या अंतरात राहायचं असतं. हाताच्या अंतरात म्हणजे हात लांब केला की बंदुकीला लागला पाहिजे, पलीकडच्या झाडाखाली बसून नव्हे. माझं मत विचाराल तर कोर्स कराच. हाताच्या अंतराचा नियम मात्र कोर्स झाल्यावरही पाळा.

मेंडोटाकाठची
हे व्हिसाचं कुणीच सांगितलं नव्हतं. आजोबा म्हणत होते, पुढच्या रविवारी रेंजवर या. थांबवते त्यांना. नोव्हेंबरातच जावं लागतं का?

नियमपोथी
नाही. १५ वर्षं आणि त्याखालच्यांसाठी ऑक्टोबरात दोन दिवसांचा, शनिवार-रविवारचा वेगळा हंगाम असतो. पहिल्या खेपेला तोच बरा. थंडी सोसण्याइतकी, रानात माणसं कमी, हरणं अजून बिचकलेली नाहीत. तोटा एवढाच की झाडांवर पानं असतात आणि नजर लांब पोचत नाही.

नऊ दिवसांचा मोठा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो. तेव्हा राज्यभरात पाच लाखांहून जास्त माणसं रानात असतात. वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर २० मिनिटं. मॅडिसनच्या भागात म्हणजे साधारण सकाळी साडेसहा ते संध्याकाळी पावणेपाच. कमरेवरचे निम्मे तरी बाहेरचे कपडे भडक केशरी किंवा भडक गुलाबी हवेत, आणि टोपी घातली तर तीही. गुलाबी २०१६ पासून चालतो. सरकारी जमिनीवर जमिनीलगतचा तंबू लावला तर त्याच्या बाहेरही सगळ्या बाजूंनी दिसेल असं किमान १४४ चौरस इंच केशरी किंवा गुलाबी कापड लागतं. आतल्या माणसाचा केशरी कोट बाहेरून दिसत नाही, म्हणून.

उत्तरवाट
बंदुकीबद्दल मी लिहितो. पहिल्या शिकारी फसतात त्या बहुतेक इथेच : मोठ्या माणसाची रायफल लहान मुलाच्या खांद्याला लावली जाते.

आधी दस्त्याची लांबी, म्हणजे ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर. मोठ्यांच्या रायफलीत ते साडेतेरा ते चौदा इंच असतं, मुलांच्या रायफलीत साडेबारा किंवा त्याहून कमी. मोजायची सोपी रीत : मुलीने कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं. तर्जनीचं पहिलं पेर सहज ट्रिगरवर आलं पाहिजे. हे मोजमाप हिवाळी कोट घालूनच घ्या, कारण कोटाची जाडी इंचभर खाते. दस्ता लांब पडला की मूल मान पुढे ताणतं, डोळा दुर्बिणीजवळ जातो आणि धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर बसते. डोळा आणि काच यांत साडेतीन इंच अंतर हवं. दुर्बीण पुढेमागे सरकवून ते आधीच जुळवा.

कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप : पॉइंट २४३ विंचेस्टर. पॉइंट ३०-०६ चा धक्का त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. आजोबांची जुनी ३०-०६ कितीही लाडकी असली तरी पहिल्या वर्षी नको. बोल्ट-ॲक्शनच घ्या, म्हणजे हाताने मागेपुढे करायच्या खिट्टीची. एकनळी, घोडा चढवायची बंदूक मुलांसाठी स्वस्त म्हणून देतात, पण हरीण न मारता घोडा हलकेच खाली सोडायची वेळ आली की थंडीने आखडलेला अंगठा हातमोज्यात सटकतो आणि बार उडतो. बोल्ट-ॲक्शनमध्ये बोल्ट उघडला की काम झालं.

सराव पॉइंट २२ वर करा. हरणासाठी ती चालत नाही, पण तिचा आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही. निशाणा, श्वास, ट्रिगर हळू दाबणं हे सगळं तिच्यावर बसतं. महिनाभर दर आठवड्याला ५० गोळ्या २२ च्या, आणि २४३ च्या एका बैठकीत फार तर १०. त्याहून जास्त झाल्या की मूल बार उडायच्या आधीच दचकायला लागतं, आणि ही खोड एकदा जडली की हंगामभर सुटत नाही. दचकतेय का हे ओळखायचं तर तिला न सांगता मधेच एक खोटं काडतूस भरा. ट्रिगर दाबल्यावर 'टक्' झालं आणि नळी खाली डुचकली, तर तिथेच थांबा आणि परत २२ वर या. कानांवर मफ आणि आत बोळे, दोन्ही. रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या घरात असतो आणि कानाचं नुकसान एका बारातही होतं.

दुर्बीण जुळवताना आधी २५ यार्डांवर, मग १०० वर. दुर्बिणीवरची चकती फिरवताना होणारी एक टिचकी १०० यार्डांवर नेम पाव इंच सरकवते, पण २५ वर तीच टिचकी इंचाचा सोळावा भाग. म्हणजे २५ वर एक इंच सरकवायला १६ टिचक्या लागतात. हे न समजल्याने लोक चार टिचक्या देतात आणि 'दुर्बीण बिघडलीय' म्हणून बसतात.

शेवटची आणि सगळ्यांत मोलाची परीक्षा : टेबलावरून नव्हे, रानात जशी बसणार तशी. घडीच्या खुर्चीवर, कोट घालून, तिकाटण्यावर रायफल टेकवून. समोर आठ इंची कागदी ताटली. ज्या अंतरावरून पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत जातात ते तिचं अंतर. बहुतेक मुलांचं ५० ते ७५ यार्ड भरतं. ते भरेल तेवढंच, आणि रानात ती रेषा ओलांडायची नाही. बसायच्या जागेपासून तेवढ्या अंतरावरच्या झाडांना आदल्या दिवशी रंगीत फीत बांधून ठेवा.

तांबडापांढरा
गोळीचा धातूही ठरवून घ्या. शिशाची गोळी हाडावर फुटली की बारीक कण जखमेपासून बऱ्याच लांबपर्यंत मांसात शिरतात, डोळ्याला दिसत नाहीत. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई ते मांस खाणार असेल तर अख्ख्या तांब्याची गोळी घ्या. २४३ मध्ये ८० ते ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) ची मिळते.

उत्तरवाट
बरोबर. फक्त सराव शिशाच्या गोळीने आणि शिकार तांब्याच्या गोळीने, असं करू नका. दोन्ही एकाच ठिकाणी लागत नाहीत. तांब्याच्या गोळीने दुर्बीण नव्याने जुळवा.

गवतीचहा
प्रामाणिक शंका आहे, वाईट वाटून घेऊ नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाला हात लावायची सोय नाही आणि ते योग्यच वाटतं. मग इथे १२ वर्षांच्या मुलीने हरीण, त्यातही मादी, मारणं बरोबर कसं?

रानओढा
शंका रास्त आहे. दोन्हीकडची परिस्थिती वेगळी आहे. भारतात हरणांचं रान आटलं, बेसुमार शिकार झाली, म्हणून बंदी आली आणि ती हवीच. विस्कॉन्सिनात उलटा प्रश्न आहे. शेती आणि तुकड्यातुकड्यांचं जंगल पांढऱ्या शेपटीच्या हरणाला फार मानवतं. उत्तरेला लांडगे आहेत, पण दक्षिणेच्या शेतपट्ट्यात हरणांवर वचक ठेवणारा माणसाखेरीज जवळपास कुणी नाही. हरणं जास्त झाली की सीडर, हेमलॉक यांची रोपं वाढूच देत नाहीत. जंगलात हरणाच्या तोंडाच्या उंचीपर्यंत पाला साफ आणि वर हिरवा, अशी सरळ रेषा दिसते.

मादीबद्दल : एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर मारून कळप आवरत नाही. वन्यजीव-संवर्धनाचे नामवंत अभ्यासक ऑल्डो लिओपोल्ड मॅडिसनला विद्यापीठात होते आणि राज्याच्या संवर्धन आयोगावरही. १९४३ साली माद्या मारायला मुभा देणारा हंगाम झाला तेव्हा राज्यभर ओरड झाली होती, आणि लिओपोल्ड त्या मुभेच्या बाजूने उभे होते. आजही कुठल्या काउंटीत किती माद्यांचे परवाने द्यायचे हे दरवर्षी वेगळं ठरतं. दक्षिणेच्या शेतपट्ट्यात ते जास्त असतात, उत्तरेच्या जंगलात कमी. ताई, तुम्ही उत्तरेला जाताय, तेव्हा मुलीकडे मादीचा परवाना त्या काउंटीचा आणि त्याच प्रकारच्या जमिनीचा आहे का, हे आधी बघा. खाजगी जमिनीचा परवाना सरकारी रानात चालत नाही.

गवतीचहा
समजलं. आभार. मला अजूनही जमणार नाही, पण प्रश्नाचं उत्तर मिळालं.

रानओढा
आता बसण्याबद्दल. झाडावरचं मचाण १२ वर्षांच्या नवख्या मुलीला नको. मचाणावरून पडणं हे हरणाच्या शिकारीतल्या गंभीर जखमांचं मोठं कारण आहे. घरच्यांकडे शिडीचं दोघांचं मचाण असेल आणि तिथेच बसायचं ठरलं, तर पूर्ण अंगाचा पट्टा तिच्या वजनाच्या मापाचा हवा, आणि तो जमिनीवरूनच सुरक्षादोरीला अडकवून चढायचं. वर गेल्यावर अडकवू म्हटलं तर उपयोग नाही, कारण माणूस पडतो तो चढता-उतरताना. बंदूक रिकामी करून वेगळ्या दोरीने वर ओढायची, नळी माणसांपासून लांब.

जमिनीवरचा तंबू बरा. हालचाल लपते, वारा अडतो, कुजबुजता येतं. तो आठवडाभर आधी लावून ठेवा म्हणजे हरणं सरावतात. आतली जमीन मातीपर्यंत झाडून काढा. वाळक्या पानावर बूट सरकला तरी तो आवाज हरणाला ऐकू जातो. तंबूतली नेहमीची चूक : दुर्बीण नळीच्या दीड इंच वर असते. मुलीला दुर्बिणीतून हरीण स्वच्छ दिसतं, पण नळीचं तोंड अजून खिडकीच्या कडेखाली असतं आणि गोळी तंबूचं कापड फाडून भलतीकडे जाते. नळीचं तोंड खिडकीबाहेर आलंय की नाही हे मोठ्या माणसाने डोळ्यांनी बघायचं, मगच 'हं' म्हणायचं.

वारा तुमच्या तोंडावर हवा. हरीण नाकावर जगतं. चवरीसारखी पांढरी शेपटी उभारून पळालं तर समजा, त्याला आपला पत्ता लागला.

थंडी. सुती कपडा एकही नको, मोजेसुद्धा नाहीत. आत साध्या किंवा मरिनो लोकरीचा थर, मग फ्लीस, वर वारा अडवणारं. जागेवर पोचेपर्यंत मोठा कोट अंगात नको, पाठीवर बांधून न्या. पहाटे घाम आला की दोन तासांनी तोच घाम गारठवतो. बूट एक माप मोठे, कारण दोन मोजे कोंबून घट्ट बसले की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. बूट टेकायला फोमचा तुकडा ठेवा, बर्फाळ जमीन तळव्यातून ऊब ओढते. हाताच्या गरम पुड्या चार जोड्या. दीड-दोन तास बसली की तिला उठवा, गाडीपर्यंत चालवा, गरम काहीतरी पाजा. 'अजून थोडा वेळ' हा हट्ट मोठ्यांचाच असतो, आणि पुढच्या वर्षी मूल यायला नाही म्हणतं ते त्याच्यामुळे.

दुपारी या घरांत बऱ्याचदा हाका करतात, अर्धे जण रान झोडपतात आणि अर्धे वाटेवर बसतात. मुलीला बंदूक घेऊन हाक्यात बसवू नका. हरीण पळतं असतं आणि त्याच्या मागे माणसं चालत येत असतात. आणि ज्याने बिअर घेतलीय तो त्या दिवशी मेंटर नाही. नशेत बंदुकीने शिकार करायला कायद्यानेही बंदी आहे.

मेंडोटाकाठची
नेम नेमका कुठे धरायचा? ती चित्रं बघतेय पण गोंधळतेय. आणि ऐनवेळी 'नको' म्हणाली तर?

उत्तरवाट
'नको' म्हणाली तर बोल्ट उघडायचा, पाठ थोपटायची आणि हरीण जाताना दोघांनी बघायचं. 'का गं?' सुद्धा विचारू नका. हे घरच्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

नेम : हरीण पूर्ण आडवं उभं असेल तेव्हाच. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर सरळ वर न्यायची, पोटाच्या रेषेपासून अंगाच्या एक तृतीयांश उंचीवर थांबायचं. तिथे फुप्फुसं आणि हृदयाचा वरचा भाग, साधारण आठ इंचांचं वर्तुळ. म्हणून ती आठ इंची ताटली. हरीण थोडं पलीकडे वळलेलं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घेऊन नेम. तोंड आपल्याकडे असेल, पाठमोरं असेल, चालतं असेल, तर बार नाही. चालतं असेल तर मोठ्या माणसाने तोंडाने 'मॅ' असा आवाज काढावा. बहुतेकदा क्षणभर थांबतं. मागे दुसरं हरीण आहे का, उतार आहे का, घर आहे का, हेही बघायचं. गोळी हरणातून आरपार जाऊन पुढे चालते.

बारानंतर तिचे हात थरथरतील, श्वास लागेल. हे होतंच. पहिलं काम म्हणजे दुसरं काडतूस भरून सेफ्टी लावणं. दुसरं, हरीण शेवटचं दिसलं ते झाड ध्यानात ठेवणं आणि घड्याळ बघणं. मग बसून राहायचं. मागच्या लाथा उडवून ताणून पळालं तर छातीत लागलीय असं बहुधा समजावं. पाठ कुबडासारखी करून हळू चालत गेलं तर पोटात.

अर्धा तास थांबून बार लागला त्या जागी जा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण बहुतेक १०० यार्डांच्या आत पडलेलं मिळेल. गडद लाल, फेस नाही, तर यकृत : तीन-चार तास थांबा. हिरवट ओल आणि शेणाचा वास, तर पोट : सहा-आठ तास, संध्याकाळची वेळ असेल तर सकाळपर्यंत. घाईने मागे गेलात तर जखमी हरीण उठून मैलभर जातं आणि मग कुणालाच मिळत नाही. माग काढताना रक्ताच्या रेषेवर नव्हे, बाजूने चाला. प्रत्येक थेंबाजवळ टिशूचा तुकडा ठेवा. दहा तुकडे झाले की मागे वळून बघा, दिशा आपोआप दिसते. मुलीला या कामात पुढे ठेवा. तिची नजर जमिनीच्या जवळ असते आणि मुलांना पानाच्या खालच्या बाजूचा थेंबही दिसतो. हरीण शेजाऱ्याच्या जमिनीत गेलं तर परवानगीशिवाय कुंपण ओलांडता येत नाही. शेजाऱ्याचा फोन नंबर आधीच खिशात ठेवा.

जवळ जाताना पाठीकडून जा. उघड्या डोळ्याला लांब काठीने स्पर्श करा. पापणी लवली नाही तर गेलंय. मगच बंदूक रिकामी करा.

रानओढा
पुढचं काम लवकर आणि थंड डोक्याने. हातमोजे घाला. हरीण उताणं, डोकं किंचित वर. गुदद्वाराभोवती सुरी गोल फिरवून आतडं मोकळं करा आणि दोरीने बांधा. मग छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाला कातडीत बारीक चीर पाडा, दोन बोटं आत घालून कातडी वर उचला आणि बोटांच्या मधून धार वर ठेवून सुरी खाली न्या. धार खाली ठेवली की कोथळा फुटतो आणि मांडीचं मांस वाया जातं. मूत्राशयाजवळ सुरी बाजूला ठेवून हाताने सोडवा. मग छाती आणि पोट यांमधला पडदा बरगड्यांच्या कडेने कापा, हात छातीत वर घालून श्वासनळी पकडा, तिच्या वरून कापा आणि ओढा. सगळं एकत्र बाहेर येतं. हरीण पालथं करून रक्त निथळू द्या. मुलीने पहिल्या वर्षी पाय धरला, टॉर्च दाखवला तरी पुष्कळ. हृदयाला गोळी लागलीय का ते तिला दाखवा, बहुतेक मुलांना ते बघायचंच असतं.

मांस लवकरात लवकर ४ अंश सेल्सियसच्या खाली गेलं पाहिजे. ऑक्टोबरात दुपारी १५-२० अंश असेल तर पोटात बर्फाच्या पिशव्या भरा आणि त्याच दिवशी कातडी काढा. नोव्हेंबरात कातडीसकट दोन-तीन दिवस सावलीत टांगता येतं. १५० पौंडांचं हरीण साफ केल्यावर साधारण १२० पौंड भरतं, आणि हाडं, चरबी काढल्यावर ४५ ते ६० पौंड मांस हाती येतं. गोळी किती ठिकाणी लागली त्यावर ते ठरतं.

तांबडापांढरा
आता माझा विषय, आणि त्यातही आधी सीडब्ल्यूडी. हरणांच्या मेंदूचा हा रोग विस्कॉन्सिनात पहिल्यांदा २००२ मध्ये सापडला, मॅडिसनच्या पश्चिमेला. त्याला कारण असलेली प्रथिनं शिजवून मरत नाहीत, प्रेशर कुकरमध्येही नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोगी निघालेलं हरीण खाऊ नये असाच सल्ला आहे. नैसर्गिक संसाधन खातं तपासणी फुकट करतं. घशामागच्या गाठी लागतात, म्हणून डोकं मानेच्या चार-पाच इंचांसकट ठरलेल्या पेटीत ठेवायचं आणि चिठ्ठीवरचा क्रमांक जपायचा.

आपल्या लोकांना यातून एक गोष्ट नीट सांगावी लागते : भेजा नाही, मणका नाही, प्लीहा नाही. मान आवडत असेल तर मांस हाडावरून सोडवून घ्या, मणक्यासकट तुकडे तोडू नका. करवतीने पाठ चिरायला लावू नका, सुरीने सांध्यावर सोडवायला सांगा. कलेजी तरुण हरणाची चांगली लागते, पण मॅरिनेट शहराच्या आसपासच्या हरणांची कलेजी पीएफएएस रसायनांमुळे खाऊ नका, अशी सूचना २०२० मध्ये निघालीय.

स्वयंपाक. बोकडासारखी चरबी नसते, आणि जी असते ती मेणासारखी टाळ्याला चिकटते. ती आणि पांढरे पापुद्रे सगळे काढून टाका. लोक 'उग्र वास' म्हणतात तो बहुतेक त्या चरबीचाच. पाठीचा लांब गोळा कुकरमध्ये घालू नका. बोटभर जाड तुकडे, हळद-मीठ-आलं-लसूण लावून अर्धा तास, मग तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. जास्त शिजला की वहाणेसारखा होतो. नडगीचं आणि मानेचं मांस मात्र रश्श्यासाठीच आहे. एक किलोला चार चमचे तेल जास्त, सुकं खोबरं आणि कांद्याचं वाटण नेहमीसारखं, कुकरला पाच-सहा शिट्ट्या आणि मंद आचेवर २० मिनिटं. खिमा पूर्ण शिजला पाहिजे, ७१ अंशांपर्यंत. खिमा करून घेताना त्यात चरबी मिसळतात. मिसळत असतील तर ती कशाची हे विचारा, बहुतेक ठिकाणी डुकराची असते.

मेंडोटाकाठची
डुकराचं विचारायला हवं हे लक्षातच आलं नसतं, सासूबाई खात नाहीत. सगळं छापून काढतेय. परवान्याचं काम सोमवारी करते, रेंज त्यानंतर. शेवटचं : हरीण मिळालं तर नोंदणी कुठे? तिथे फोनला सिग्नल नसतो.

नियमपोथी
मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत नोंदणी झाली पाहिजे. ऑनलाइन, फोनवरून किंवा ठरलेल्या दुकानात जाऊन. परवान्यावरचा क्रमांक लागतो, म्हणून फोनमधल्या फोटोवर विसंबू नका, कागदावर छापून प्लास्टिकच्या पिशवीत तिच्या आतल्या खिशात ठेवा. हरीण मुलीच्या नावावर नोंदवायचं, आजोबांच्या नव्हे. नोंदणी झाली की एक क्रमांक मिळतो. मांस पाकिटात भरताना प्रत्येक पाकिटावर तो, तारीख आणि भाग लिहा. तपासणीचा निकाल येईपर्यंत ती पाकिटं फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात, बाकीच्या मटणापासून वेगळी.